411 दिवसांचा हिशेब

अम्मीच्या अपिलासोबत जोडलेल्या अर्जात एक आकडा ठळक टाइप केलेला आहे: 411. अपील दाखल करायला तिला इतके दिवस उशीर झाला. तो उशीर माफ करा, अशी विनंती त्या अर्जात आहे. कोर्टात त्याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. आमच्या वकिलांच्या तोंडी ‘डिलेचा अर्ज’.

उशीर का झाला, हे त्या अर्जात लिहावं लागतं. वकिलांनी आम्हाला सुचवलेलं कारण होतं टायफॉइड.

“टायफॉइड, मग अशक्तपणा, मग कंबरदुखी. डॉक्टर ओळखीचे आहेत, सर्टिफिकेट मिळून जाईल,” ते म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. सगळेच असं करतात. अम्मी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मैं बीमार कब थी गे?”

मला हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहावासा वाटला. उशीर झाला हे खरं होतं. पण तो कशामुळे झाला, हे खरं सांगायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नव्हती. अम्मी सोडून.

आधी प्रकरण सांगते. नानांचं राहतं घर आणि बाजारपेठेत एक गाळा. नानी त्यांच्या आधी गेली. मागे दोन मामू आणि अम्मी. शरियतच्या हिशेबाने मुलांना दोन-दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे पाचातला एक हिस्सा अम्मीचा. तिने तेवढाच मागितला. मुलीला मुलाच्या निम्मंच का, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी विचारत राहणार आहे. पण इथे गोष्ट त्या निम्म्याचीच आहे, जे द्यायचं सगळे कबूल करतात आणि देत कुणी नाही.

मामूंचं कोर्टातलं म्हणणं असं की नानांनी हयातीतच घर आणि गाळा मुलांना तोंडी हिबा केला होता. मुस्लिम कायद्यात तोंडी बक्षीस चालतं, त्याला नोंदणी लागत नाही. पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: देणाऱ्याने जाहीर केलं, घेणाऱ्याने स्वीकारलं आणि ताबा दिला. नाना शेवटपर्यंत त्याच घरात राहिले आणि गाळ्याचं भाडं शेवटच्या महिन्यापर्यंत स्वतः मोजून घेत होते. तरी तालुक्याच्या कोर्टाने मामूंचे साक्षीदार ग्राह्य धरले आणि 12 जानेवारी 2023 ला अम्मीचा दावा फेटाळला.

या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. म्हणजे 11 फेब्रुवारीपर्यंत. निकाल लागल्याचं अम्मीला दहाव्या दिवशी वकिलांच्या फोनवरून कळलं होतं. आमच्या बाजूची ही सगळ्यात कमजोर कडी, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

मग अपील का केलं नाही? कारण त्याच आठवड्यात मोठे मामू घरी आले. चहा झाला, रडणं झालं. मामू म्हणाले, “कोर्टात जिंकलो म्हणून बहिणीचा हक्क खाणार आहे का मी? अपील करू नकोस. ईद झाली की जमातीत बसून मिटवू.” त्या वर्षी रमजान ईद 22 एप्रिलला होती. ईद येईपर्यंत मुदत संपून दोन महिने उलटलेले असतील, हे तेव्हा घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नाही. मी पदवीधर आहे. मलाही नाही.

ईदनंतर सदरसाहेब उमऱ्याला गेले. मग बकरी ईदनंतर बसू असं ठरलं. ऑगस्टमध्ये एकदाची बैठक झाली. बुजुर्गांनी सांगितलं, बहिणीला काहीतरी द्या. मामू म्हणाले, गाळा विकला की देतो. डिसेंबरात मामूंच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाच्या घरात हिश्शाची गोष्ट कोण काढणार? अम्मी चार दिवस तिथे राबली. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या दुकानदाराचा फोन आला की गाळा बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं, टेप लावून मोजून गेलं. तेव्हा आम्ही जागे झालो. 28 मार्चला अपील दाखल झालं. रोजे चालू होते. अम्मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून दुपारभर तसबीह फिरवत होती.

कायदा उशिराकडे कसा पाहतो

मुदतीचा कायदा 1963 चा आहे. त्याचं कलम 3 कडक आहे. मुदत संपल्यावर आलेलं प्रकरण कोर्टाने फेटाळलंच पाहिजे, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी. आणि कलम 5 दयाळू आहे. मुदतीत न येण्याला ‘पुरेसं कारण’ होतं असं कोर्टाला पटलं, तर उशिरा आलेलं अपील किंवा अर्ज घेता येतो. लक्षात ठेवा, ही सवलत अपिलाला आणि अर्जाला आहे, मूळ दाव्याला नाही. दावा करायचीच मुदत गेली असेल तर कलम 5 मदतीला येत नाही.

पुरेसं कारण म्हणजे काय, याची यादी कायद्यात नाही. ती कोर्टांनी निकालांतून घडवली. 1987 मध्ये अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुद्दाम उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो, उलट धोकाच असतो. त्यामुळे एकेका दिवसाचा हिशेब मागताना समजूतदारपणा हवा, तांत्रिक कारणाने खरा हक्क गाडला जाऊ नये. 1998 मध्ये बालकृष्णन प्रकरणात 883 दिवसांचा उशीर माफ झाला. उशीर किती लांब, यापेक्षा खुलासा पटण्यासारखा आहे का, हे महत्त्वाचं ठरलं. कधी एक दिवसही माफ होणार नाही, कधी वर्षंही होतील. त्याआधी 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात कोर्टाने म्हटलं होतं की खेड्यातला माणूस वकील नेमतो, फी देतो आणि विश्वासाने घरी बसतो. वकील हजर राहिला नाही, तर त्याची शिक्षा त्या पक्षकाराला का?

पण हे एकाच बाजूचे निकाल झाले. एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे आमचं अपील दाखल झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, सुप्रीम कोर्टाने 5,659 दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला. कारण भक्कम नसेल तर केवळ सहानुभूतीवर दार उघडत नाही. आणि यात एक न्यायही आहे. जिंकलेल्या माणसाला कधीतरी निर्धास्त झोपता आलं पाहिजे. घर घेतलं, दुरुस्ती केली, मुलं वाढवली, आणि पंधरा वर्षांनी कुणीतरी अपील घेऊन दारात उभं राहिलं, तर तोही अन्यायच. मुदतीचा कायदा गरिबाच्या विरोधात रचलेला आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्यातला एखादा दावा जिंकतो, तेव्हा तोच कायदा त्याला वाचवतो.

सरकारचा उशीर आणि आपला उशीर

तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. उशिराने अपील करण्यात सरकारी खात्यांचा हात धरणारं कुणी नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, अधिकारी बदलला, मंजुरी आली नाही, हीच कारणं वर्षानुवर्षं चालत आली. 2012 मध्ये पोस्ट खात्याच्या 427 दिवसांच्या उशिरावर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही कारणं आता चालणार नाहीत, सरकारलाही मुदत तीच. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार 663 दिवस उशिरा आलं, तेव्हा कोर्टाने अपील फेटाळून 25,000 रुपयांचा भुर्दंड लावला आणि अशा अपिलांना ‘सर्टिफिकेट केसेस’ म्हटलं. वरच्या कोर्टाचा नकार सर्टिफिकेटसारखा फायलीला जोडायचा आणि कुणावरच जबाबदारी येऊ द्यायची नाही. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटकच्या गृहनिर्माण मंडळाला हायकोर्टाने माफ केलेला 3,966 दिवसांचा उशीर सुप्रीम कोर्टाने रद्द केला. म्हणजे खालची कोर्टं अशी माफी देत होती आणि वर ती सुधारावी लागत होती.

आणि मनात आलं की याच सरकारला घाईही जमते. मुंबईच्या 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने सगळ्या 12 आरोपींना निर्दोष ठरवलं. 24 जुलैला सुप्रीम कोर्टात राज्य सरकारच्या अपिलावर आदेशसुद्धा झाला. अपील करणं हा सरकारचा अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या माणसांना निर्दोष ठरायला एकोणीस वर्षं लागली आणि त्यावरचं अपील तीन दिवसांत उभं राहिलं. मुदत कागदावर सगळ्यांना सारखी असते. मुदतीत पोचायची ताकद सारखी नसते.

आपल्या उशिराचे कारखाने

सरकारवर बोट ठेवणं सोपं आहे. अवघड आहे ते आपल्याकडे बघणं. अम्मीचे 411 दिवस कुठल्याही खात्यात गेले नाहीत. ते आमच्या दिवाणखान्यात, जमातखान्यात आणि लग्नाच्या मांडवात गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मराठीत सगळेच म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात त्याला अजून एक पदर आहे: घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, कौमची बदनामी होते. ही ताकीद मी अजून कुठल्या पुरुषाला दिलेली ऐकली नाही. मामू भाडेकरूविरुद्ध कोर्टात गेले, तेव्हा कौमची बदनामी झाली नव्हती. बहीण गेली की होते. माहेर तुटेल, ही भीती कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. पण कितीतरी बायकांच्या अपिलाच्या मुदती तिने खाल्ल्या आहेत.

घरात बसून मिटवणं वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. मिटलं असतं तर अम्मीइतका आनंद कुणालाच झाला नसता. माझं म्हणणं एवढंच आहे: बोलणी चालू असताना घड्याळ थांबत नाही. मुदतीत अपील दाखल करा आणि मग खुशाल बसा. मिटलं तर अपील मागे घेता येतं, तडजोडीचा कागद कोर्टात दाखल करून त्यावर हुकूमनामा घेता येतो. ज्या भावाला खरंच द्यायचं आहे, त्याला बहिणीच्या अपिलाचा राग येण्याचं कारण नाही. ‘अपील करू नकोस, मग देतो’ असं म्हणणारा त्याच वेळी मुदत मोजत नसेल कशावरून?

जमातीच्या बुजुर्गांनाही माझी विनंती आहे. तुमच्यासमोर असा मामला आला, तर पहिला प्रश्न हा विचारा: अपिलाची शेवटची तारीख कोणती? ती विचारल्याशिवाय “ईदनंतर बसू” म्हणू नका. तुमच्या चांगल्या हेतूने एका बाईचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

हा धडा आता घरापुरता राहिलेला नाही. वक्फच्या स्थावर मालमत्तेचा ताबा परत मिळवण्याच्या दाव्यांना 1995 च्या वक्फ कायद्याच्या कलम 107 मुळे मुदतीचा कायदा लागू नव्हता. 2025 च्या दुरुस्तीने ती सूट गेली. 15 सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टाने काही तरतुदींना स्थगिती दिली, पण या तरतुदीला नाही. म्हणजे कब्रस्तानाच्या किंवा मशिदीच्या जमिनीवर कुणी बसला असेल, तर “आहेच आपली, बघू कधीतरी” हे चालणार नाही. तो बदल बरोबर की चूक, यावर जरूर भांडू. पण भांडताना कागद आणि कॅलेंडर हातात हवं.

खरं कारण

टायफॉइडचं सर्टिफिकेट आम्ही घेतलं नाही. अर्जाला शपथपत्र जोडावं लागतं आणि खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, हे एक कारण. दुसरं असं की खोटं कारण उघडं पडलं, तर त्याच्यासोबत खरा हक्कही बुडतो. टायफॉइड झालेली बाई डिसेंबरात भाचीच्या लग्नात हळद कुटताना व्हिडिओत दिसते, एवढं मामूंच्या वकिलांना पुरलं असतं. पण अम्मीचं कारण याहून साधं होतं. रोजा ठेवून खोटी कसम खाऊ का, असं तिने विचारलं. वकील गप्प बसले. मग त्यांनी तिच्याकडून तारीखवार सगळं लिहून घेतलं.

आमच्या हातात एकच पुरावा होता: जमातीच्या रजिस्टरमधली ऑगस्टच्या बैठकीची नोंद. सेक्रेटरीसाहेबांनी तिची प्रत दिली, त्यांचे आभार. त्या नोंदीत दोन्ही मामूंच्या सह्या आहेत, सात बुजुर्गांच्या आहेत. अम्मीची सही नाही. तिच्या हिश्शाची चर्चा झाली, त्या खोलीत ती नव्हती. बायकांना बोलावायची पद्धत नाही. मी ती प्रत हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. आमची बाजू सावरणारा कागद तोच होता आणि आमची जागा दाखवणाराही तोच.

मामूंच्या वकिलांनी जोरदार हरकत घेतली. बाईला निकाल माहीत होता, ती शिकलेली आहे, तडजोडीची बोलणी हे पुरेसं कारण होत नाही. हा मुद्दा पोकळ नव्हता. दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशांना तो पटलाही असता. पण बैठक झाली आणि आश्वासन दिलं, हे मामूंना नाकारता आलं नाही, कारण सही होती. ऑक्टोबर 2024 मध्ये आदेश झाला: विलंब माफ, अट 5,000 रुपये खर्चाची, ते समोरच्या पक्षाला द्यायचे. अम्मीने ते भरले. ज्या भावांच्या शब्दावर ती थांबली, त्यांनाच थांबल्याबद्दल तिने पैसे दिले. कायद्याच्या नजरेने ते बरोबर असेल. मला अजून ते गिळता आलेलं नाही.

आणि एवढ्याने आम्ही जिंकलो नाही. विलंब माफ होणं म्हणजे फक्त अपील ऐकायला घेणं. दाखल केल्यापासून आदेशापर्यंत सात महिने गेले, आणि उशीर माफ होईपर्यंत अपिलाला अपिलाचा दर्जा नसतो. मुदतीत गेलो असतो तर ते सात महिने वाचले असते. हिबा झाला होता का, ताबा दिला होता का, हा खरा प्रश्न आता कुठे सुरू झाला आहे.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हा तरुण मुलामुलींना काही कामाच्या गोष्टी सांगते. घरात कुणाचंही कोर्टाचं प्रकरण असेल, तर त्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळवून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तारीख आणि निकाल तुम्हाला स्वतः बघता येतो, कुणाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज करा. मुदतीत अर्ज केला तर नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. आम्ही नक्कल मुदत संपल्यावर मागितली, म्हणून तो फायदा गेला. कोर्टाप्रमाणे आणि प्रकरणाप्रमाणे मुदत बदलते. हायकोर्टातल्या दिवाणी अपिलाला साधारण 90 दिवस, शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला 60, फाशीच्या शिक्षेविरुद्ध 30. तलाठ्याच्या फेरफाराविरुद्धच्या महसुली अपिलालाही मुदत असते. आपल्या प्रकरणाची शेवटची तारीख कोणती, हे वकिलांकडून लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर एक ओळ पुरते. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे. आणि उशीर झालाच असेल, तर आजच जा. काल गेलेले दिवस समजावता येतात. कळल्यानंतरही वाया घालवलेले दिवस समजावणं फार जड जातं.

मामूंशी अम्मीचं बोलणं बंद झालं नाही, हेही सांगते. या ईदला ती शीरखुर्मा घेऊन गेली होती. मामींनी डबा घेतला. मामू नमाजला गेले होते, असं सांगण्यात आलं. परत येताना रिक्षात अम्मीने मला विचारलं, “पुढची तारीख कधी आहे?” ती माझ्या मोबाइलमध्ये होती, घरातल्या कॅलेंडरवर होती आणि आता अम्मीच्या पर्समधल्या चिठ्ठीवरही आहे.